बोडक्याच्या खांद्यावरचा दगड

विष्णू, आपल्या सहल मंडळाने तुझा दगड करायचं ठरवलं आहे.

काळ्या पाषाणाचा, घडीव, वर तुझं नाव कोरलेला. तो बोडक्या डोंगराच्या शिखरावर बसवायचा आहे. निदान मंडळ ज्या जागेला शिखर म्हणतं तिथे. मजकूर गुणे वकिलांनी तयार केला आहे: 'पर्वतप्रेमी कैलासवासी श्रीयुत विष्णुराव यांनी हे शिखर सर केले, त्या पराक्रमाचे चिरस्मारक.' हयातभर ह्या लोकांनी तुला 'अहो कंपाउंडर' अशी हाक मारली. कैलासवासी, श्रीयुत आणि राव ह्या तिन्ही पदव्या तुला एकाच दिवशी मिळाल्या, आणि त्यासाठी तुला फक्त मरावं लागलं. आपल्या माजी मामलेदारांना 'रावसाहेब' ही एकच पदवी मिळवायला सबंध महायुद्ध लागलं होतं.

दुखवट्याच्या सभेत रावसाहेब तुझ्यावर बोलले. 'मी आणि विष्णुराव' अशी सुरुवात झाली आणि थोड्याच वेळात विष्णुराव मागे पडले. मामलेदारकीतल्या आठवणी निघाल्या, मग युद्धफंडाच्या. शेवटी कुणीतरी खोकलं तेव्हा तू मेल्याची त्यांना आठवण झाली आणि त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. आम्ही सगळे उभे राहिलो. वकिलांनी शांतता घड्याळ लावून मोजली आणि वेळ संपल्यावर 'बसा' म्हणाले, कोर्टात म्हणतात तसं.

मजकूर वहिनींना वाचून दाखवायचा, त्यांची संमती आणायची आणि रविवारच्या सभेत ठराव मंजूर करायचा, असं ठरलं. हे काम माझ्याकडे आलं, कारण तुझं घर कुठे आहे हे मंडळात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी 'बरं' म्हणालो, पण मनात वेगळंच ठरवलं होतं. त्या शिखरावर तू कधी गेला नाहीस. तुझ्या नावावर जगाने काय वाटेल ते खपवावं, पण दगडात कोरून खोटं बोलायचं झालं तर ते मी होऊ देणार नव्हतो. म्हणून वहिनींनी नाही म्हणावं, एवढ्यासाठीच मी तुझ्या घरी निघालो.

त्याआधी तुझ्याशी एक जुना वाद उरकायचा आहे. तो तू अर्धा टाकून गेलास.

बोडका ही मूळ कल्पना तुझी. सातारकर ज्या डोंगरावर किल्ला नाही त्याला डोंगर मानत नाहीत, हे तुला माहीत होतं. मंडळाच्या पहिल्या सहली सगळ्या किल्ल्यांवर झाल्या. प्रत्येक बुरुजापाशी एक वक्ता उभा राही आणि आपण स्वतः त्या लढाईत होतो अशा आवाजात बोले. उन्हात डोकी तापत, पाणी संपे, पण इतिहास संपत नसे. एकदा उतरताना तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "गड्या, जिथं कायबी झालेलं न्हाई असा एखादा डोंगुर हुडकाया पायजे. म्हंजे भाषान करायला जागाच ऱ्हानार न्हाई."

आणि तू तो हुडकून काढलास. कास-बामणोलीकडे न वळता उलट्या अंगाला, शहरापासून चालत जाण्याजोगा, गवत आणि दगड ह्यांपलीकडे काही नसलेला. तिथे किल्ला नाही, लेणं नाही, पांडवही एक रात्र राहिले नव्हते. खालच्या वाडीतली माणसं त्याला बोडका म्हणतात. मंडळाने पहिल्याच बैठकीत त्याचं नाव 'मुक्तगिरी' ठेवलं. दुसऱ्या बैठकीत कार्यक्रमपत्रिका छापली: पायथ्याशी अध्यक्षांची निवड, शिखरावर अध्यक्षांचं भाषण, नंतर पेढेवाटप, आभार. तुझ्या इतिहास नसलेल्या डोंगरावर काय बोलणार, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "विषय ठरला आहे. 'इतिहास नसलेल्या स्थळांचे महत्त्व'."

तू हसलास. तुला सगळ्याचं हसू येई, हाच आपल्यातला फरक. मला तिडीक येई.

थंडीचे दिवस होते तरी ऊन चांगलं लागत होतं. पायथ्याच्या वाडीत आपण टोप्या आणि उपरणी घेऊन उतरलो तेव्हा पोलीसपाटील धावत आला. त्या वेळी ह्या जिल्ह्यात डोंगराकडे जाणारा जमाव दिसला की पाटील धास्तावायचा. बेचाळीसपासून सवयच तशी लागली होती. त्याने आपल्याला नीट न्याहाळलं. मग पायथ्याशी सूचना, अनुमोदन, टाळ्या आणि हार हे सगळं पाहिलं आणि तो तुला म्हणाला, "पावनं, मला वाटलं भूमिगत हायत. पर हे न्हवंत. भूमिगत मानूस इतकं बोलत न्हाई."

अध्यक्ष अर्थातच रावसाहेब. नियम वकिलांनी वाचून दाखवला: अध्यक्षांच्या पुढे कोणी जायचं नाही. त्यामुळे सबंध मंडळ रावसाहेबांच्या पोटाच्या मागून, त्यांच्या चालीने, डोंगर चढू लागलं. लग्नाची वरात चढावर आणली तर जशी दिसेल तसे आपण दिसत होतो; फक्त घोडा नव्हता. त्याऐवजी रावसाहेबांची घडीची खुर्ची होती. भाषण उभ्याने होईल, पण भाषणाआधी अध्यक्षांना बसायला नको का? आणि ती खुर्ची कुणी उचलली? तू. कुणी सांगितलं नव्हतं. ती खांद्यावर टाकून तू मला म्हणालास, "तुज्या सांगलीच्या मानसांस्नी हे जमायचं न्हाई. तुमी पेवातली मानसं, हळदीसंगं जिमिनीखाली उतरनारी. वर चढायचं आमी मानदेशी बगतो."

मी म्हणालो, "ज्या माणसाला डोंगरावर खुर्ची लागते त्याने घरी बसावं. घरी खुर्ची असतेच."

"आरं, त्येला बसायची हौस हाय, मला न्यायची. तुला काय तरास?"

त्रास हाच होता, विष्णू. मामलेदाराची खुर्ची वाहण्यासाठी माणसाने माणदेशातून साताऱ्याला यावं, दवाखान्यात बाटल्या हलवत उमर काढावी आणि वर हसत हसत त्या खुर्चीचं कौतुक करावं, हे मला सहन होत नव्हतं. तुला धाप लागत होती हे मला दिसत होतं. मला वाटलं, खुर्चीमुळे.

मग डोंगराचा तो खांदा आला. बोडक्याचा माथा पुढे आहे, चांगला वर, मधे एक खाच आणि मग उभा गवताळ चढ. खांद्यावर थोडी सपाटी आहे, एक वाकडं हिवराचं झाड आहे. रावसाहेब तिथे थांबले आणि सगळं मंडळ थांबलं. तू खुर्ची उघडलीस. रावसाहेब बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मंडळाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होतं. पोटात कावळे ओरडत होते. पेढ्यांची टोपली समोर होती. साखर रेशनवर असताना रावसाहेबांनी वशिल्याने मिळवलेले कंदी पेढे, आणि पत्रिकेत छापलेलं की पेढे शिखरावर. शिखर तर अजून वर उभं होतं.

पुढे जे झालं ते फक्त आपल्या साताऱ्यात होऊ शकतं. दुसरीकडे लोकांनी मुकाट्याने टोपली फोडली असती, किंवा परत फिरले असते. आपले लोक नियमाने चालणारे. तू रावसाहेबांच्या कानाशी वाकून काहीतरी बोललास. रावसाहेब खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "सभासद बंधूंनो, येथून दिसणारा देखावा पाहता हेच शिखर समजण्यात यावे, अशी मी सूचना मांडतो." वकील म्हणाले, "अनुमोदन." मी म्हणालो, "अहो, डोंगर तुमच्या मागे आहे." वकील म्हणाले, "हरकत नोंदवली आहे. अनुकूल?"

सगळ्यांचे हात वर. पेढ्यांच्या बाजूचे तर दोन्ही. मी तुझ्याकडे पाहिलं. ज्याने हा डोंगर शोधला, ज्याने महिनाभर त्याच्या वाटा विचारून घेतल्या, दर संध्याकाळी मला सांगितलं की वरून कृष्णेचं वळण दिसतं आणि हवा स्वच्छ असली तर पार आपल्या माणच्या माळापर्यंत नजर जाते. त्याच तू हात वर केलास, सगळ्यांत उंच.

"प्रतिकूल?"

मी एकटा.

मला इतका संताप आला की मी नियम मोडून पुढे चालायला लागलो. तू मागून ओरडलास, "जा गड्या, जाऊन ये!" मी खाच उतरून, चढ चढून माथ्यावर गेलो. कृष्णेचं वळण होतं. माणची बाजू धुरकट होती, काही कळलं नाही. परत खांद्यावर आलो तेव्हा भाषण संपत आलं होतं. तू झाडाला पाठ लावून बसला होतास. विचारलंस, "काय दिसतं रं वरनं?" मी रावसाहेबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो, "तुमचं शिखर दिसतं. खाली." तू इतका हसलास की तुला खोकला आला.

त्या दिवसापासून तू जाईपर्यंत आपलं भांडण हेच. मी दवाखान्यात येऊन तुझ्या खिडकीशी उभा राहायचो आणि विचारायचो, "हात का वर केलास?" तू बाटलीला चिठ्ठी डकवत म्हणायचास, "पेढा चांगला हुता." कधी म्हणायचास, "आरं, बहुमताम्होरं डोंगुर कसला उभा ऱ्हातोय?" एकदा मी फारच चिडलो, म्हणालो, तू लाचार आहेस. तू चिमटीत कसलीशी पूड घेतलेली तशीच धरून ठेवलीस आणि म्हणालास, "आसंन." एवढंच. मग पूड तराजूत टाकलीस. मी रावसाहेबांचं नाव 'अर्धशिखर' ठेवलं आणि ते गावभर चालवलं. तुला ते नाव आवडायचं नाही. तू कधी ते उच्चारलं नाहीस, आणि का, हेही सांगितलं नाहीस.

आता एक गोष्ट मला कबूल करायला हवी, नाहीतर हे सगळं फिर्यादीसारखं वाटेल. डोंगर माझ्या पायांना तू लावलास. मी कोर्टातला भाषांतरकार. बदली होऊन सांगलीहून आलो, बायको गेलेली, खोली आणि कचेरी ह्यांच्या मधे जगत होतो. लोकांचे खून आणि बांधाची भांडणं इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत करायची, आणि घरी येऊन पुस्तकात डोकं घालायचं. हिवताप झाला म्हणून दवाखान्यात आलो. तू औषधाची बाटली दिलीस आणि चढ्या आवाजात सांगितलंस, "जेवल्यावर दोनदा. आनि बरं वाटलं की ऐतवारी माज्यासंगं चालाया यायचं. ह्यो औषधातलाच भाग हाय, डाक्टरला इचारू नगं." मला उगाच वाटलं की ते खरंच डॉक्टरांनी सांगितलंय. महिना गेला तेव्हा कळलं की सांगितलेलं नव्हतं. तोवर मला चालायची सवय लागली होती. लोक उपकार करून ते डोक्यावर ठेवतात. तू ते बाटलीत घालून दिलेस आणि वर बूच लावलंस.

तर मी तुझ्या घरी गेलो. वहिनी जोत्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी मजकूर वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितला. मग सूप बाजूला ठेवलं.

"जित्यापनी खुर्ची वाहायला लावली," त्या म्हणाल्या, "आन् आता दगड देत्यात. काय मंडळ म्हनायचं का काय!"

मला बरं वाटलं. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही नाही म्हणा. बाकीचं मी बघतो. शिखरावर तो गेलाच नव्हता. हे धडधडीत खोटं आहे."

"त्ये मला ठावं हाय."

"कसं?"

"आवं भावजी, त्या दिशी घरला आलं त्ये ह्या पायरीवर बसलं. वर याची ताकद न्हवती. म्या इचारलं काय झालं, तर म्हनलं, आज मेलो हुतो. निम्म्या डोंगरावर छातीत कळ आली, डाव्या हातात उतरली. पुढं पाऊल टाकलं आसतं तर तितंच खेळ खलास. मंग म्हनलं, रावसायबाच्या कानात सांगितलं, हितनं लय ग्वाड दिसतंय, भाषान हितंच शोभंल. त्यो लगीच फुगला आन् ठराव केला." वहिनी थोडं हसल्या. "म्हनत हुतं, ठरावानं डोंगुर बुटका झाला आन् मी वाचलो."

मी मजकुराचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"कळ येते हे तुम्हाला कवापासून माहीत होतं?" मी विचारलं. 'कवापासून' असं मी म्हणालो, विष्णू. तुझी भाषा माझ्या तोंडात कधी बसली, कळलं नाही.

"वरीस झालं आसंल. सवताच औषदाचं थेंब करून घ्यायचं. कुनाला सांगू नगं म्हनायचं. डाक्टर मंडळातच. कळलं आसतं तर ऐतवारचं चालनं बंद. तुमास्नी सुदिक सांगू नगं म्हनलं हुतं."

"मला का नाही?"

वहिनींनी सूप परत मांडीवर घेतलं. "तुमी बोलला आसता. सगळ्यांम्होरं. तुमास्नी गप बसाया येत न्हाई, भावजी. राग धरू नगा."

राग मी धरला नाही. निदान त्यांच्यावर नाही. उठताना मी विचारलं, "मग दगडाचं काय करू? नाही म्हणून सांगू?"

त्यांनी विचार केला. एक खडा वेचून अंगणात फेकला. "दगड बसवू द्या. ह्यांला त्यो डोंगुर आवडायचा. पर खोटं कशाला ल्ह्यायचं? हितवर आलं हुतं, ह्ये तर खरं हाय का न्हाई? यवढंच ल्ह्या. नाव, आन् इथवर आले."

रविवारच्या सभेला मी तो मजकूर घेऊन गेलो. वकिलांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, मागे आणखी काही आहे का म्हणून.

"विष्णू. इथवर आले," त्यांनी वाचलं. "हे अपुरं आहे."

"पुरेसं आहे," मी म्हणालो.

"शिवाय 'इथवर' ह्या शब्दातून असा अर्थ निघतो की त्याच्या पुढेही डोंगर आहे."

"आहे."

"मंडळाच्या ठरावाप्रमाणे नाही."

विष्णू, तू असतास तर तू हसला असतास. मी नेहमीचा मी असतो तर काहीतरी बोललो असतो. पण ह्या खेपेला माझ्याकडे खरं कारण होतं, आणि ते सांगायची मला सोय नव्हती. तू वहिनींना तोंड बंद ठेवायला सांगून गेला होतास. मी फक्त म्हणालो की वहिनींची इच्छा अशी आहे आणि दुसरा कुठलाही मजकूर त्यांना मान्य नाही. कुजबुज सुरू झाली. कुणी 'येथवर' सुचवलं, कुणी 'वीर' हा शब्द तरी असू द्या म्हणालं. डॉक्टर म्हणाले, शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट असलेल्या माणसाच्या दगडावर असं रडकं वाक्य नको.

तेव्हा रावसाहेब उठले. मला वाटलं, झालं.

"मजकूर बरोबर आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी कंपाउंडर माझ्या कानात काय म्हणाला, कुणाला ठाऊक नाही. म्हणाला, 'रावसाहेब, माझ्या छातीत कळ आली आहे. मला बसायचंय आणि कुणाला कळू द्यायचं नाही. काहीतरी करा.' मला दुसरं काही येत नाही. सूचना मांडता येते. मी मांडली. त्याने शपथ घातली म्हणून आजवर बोललो नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

आता मी कुणावर विश्वास ठेवू? वहिनींना तू सांगितलंस की रावसाहेबाला फुगवून काम काढलं. रावसाहेब म्हणतात की तू त्यांच्यापुढे हात जोडलेस. हा माणूस जन्मात स्वतःबद्दल काही मोठं केल्याशिवाय बोललेला नाही, आणि मेलेल्याचा विश्वास मिळवायला काही खर्च येत नाही, तेव्हा त्यांनी गोष्ट रंगवली असणं अगदी शक्य आहे. पण मला एक आठवतं. सहा महिने गावभर 'अर्धशिखर' म्हणून हसू होत होतं, त्यांच्या समोर होत होतं, आणि एका वाक्याने ते थांबवता आलं असतं. ज्याला चहाच्या कपावरही भाषण करता येतं तो माणूस ते एक वाक्य बोलला नाही. आणि घरी बायकोला घाबरवायचं नाही म्हणून तू तीच गोष्ट गमतीची करून सांगितली असशील, हे तुझ्या स्वभावाला धरून आहे.

हे लिहिताना माझे दात आंबतात, पण मला रावसाहेबांचं म्हणणं खरं वाटतं.

अर्थात त्यांनी मला फार वेळ असं वाटू दिलं नाही. बसता बसता ते म्हणाले, "मात्र त्या दिवशी मीही तिथवरच आलो होतो. तेव्हा वस्तुस्थितीला धरून 'विष्णू व रावसाहेब इथवर आले' असं करावं." मंडळात माना डोलू लागल्या. मी म्हणालो, "माझी हरकत नाही. खरंच आहे ते." वकिलांनी दुरुस्ती लिहून घेतली, लेखणी थांबवली आणि अदबीने म्हणाले, "फक्त एक बाब, रावसाहेब. हा मृताचा दगड आहे. त्यावर हयात माणसाचं नाव घालणं शास्त्राला..."

रावसाहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दुरुस्ती त्यांनी अनुमोदनाची वाट न पाहता मागे घेतली.

तेव्हा दगडावर तू एकटाच आहेस. पुढच्या रविवारी तो वर नेतील. मी खांद्यापर्यंत त्यांच्याबरोबर जाईन, त्यांच्या चालीने. भाषण ऐकेन. वहिनी येतो म्हणाल्या आहेत, पण खाली वाडीतच थांबणार.

एवढं सगळं निस्तरलं, तरी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मरायला टेकलेला माणूस तिथे चार चेहरे पाहतो आणि त्यातून रावसाहेबांचा निवडतो. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तुला वाटलं मी हसेन. वहिनींना वाटतं मी बोललो असतो. बोललो असतो, नाही म्हणत नाही. तो डोंगर, ती खुर्ची, ती टोपली, एवढं समोर असताना मी एखादं वाक्य टाकल्याशिवाय राहिलो नसतो. पण ते वाक्य बोलून झाल्यावर मी तुझ्याजवळ खाली बसलो असतो, विष्णू. तेवढा वेळ तू मला द्यायला हवा होतास.